उतारा

"टाकून द्या की," मी म्हणाले आणि मामांच्या हातातला झाडू तसाच थांबला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गल्लीत प्रत्येक शेडमधून धुण्या-पुसण्याचे आवाज येत होते. रॉकेलच्या फडक्यांचा वास, ओल्या फरशीचा वास, कोपऱ्यावर टेम्पोतून उतरवलेल्या झेंडूच्या ढिगाचा वास. माझी पेनं करून देणाऱ्या या टर्नर मामांनी आपला लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, पुसून लख्ख केला होता. माल पकडून फिरवणाऱ्या चकाच्या जबड्यांतली घाण दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली होती. आता बेडखालचा ट्रे ओढून ते त्यातला माल वेगवेगळा करत बसले होते. बिडाचं बोरिंग, म्हणजे कातून निघालेला चुरा, एका डब्यात, स्टीलच्या चिप्स दुसऱ्यात. पितळेचा चुरा वर्तमानपत्राच्या पुडीत आणि पुडीवर ज्याचं काम होतं त्या पार्टीचं नाव. भिंतीला टेकवून ठेवलेली दहा किलो तांदळाची पिशवी मात्र माझी होती. निळ्या, हिरव्या, दुधी ॲक्रिलिकच्या किसाने ती गळ्यापर्यंत भरली होती. वर्षभरात त्यांनी माझ्यासाठी लेथवर उतरवलेल्या बारा पेनांचा तो किस. "ताई, ह्यो किस न्हेतासा, का ठिवू हितंच?" असं त्यांनी विचारलं आणि मी विचार न करता बोलून गेले.

"टाकायचा कुठं?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. चाळीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या या माणसाला ट्रेमधल्या प्रत्येक गोष्टीचा पुढचा पत्ता ठाऊक आहे. बोरिंग भंगारवाला किलोवर घेतो, ते फौंड्रीत जातं, भट्टीत वितळतं आणि महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या पंपाच्या बॉडीच्या रूपात याच गल्लीत परत येतं. कधी याच लेथवर. फक्त माझ्या पिशवीचा पत्ता त्यांना माहीत नव्हता आणि मलाही नव्हता. "बघते काहीतरी," असं पुटपुटून मी स्कूटर काढली. दुसऱ्या दिवशी पूजेला गेले तेव्हा लेथला हार होता, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडले होते, नारळ फुटला होता, पेढे वाटले जात होते. पिशवी होती तिथेच होती. पण तिलाही हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं. मी पाहते आहे हे बघून मामा म्हणाले, "कामातनंच निघालंय न्हवं."

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

माझे वडील साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. गळीत हंगामात त्यांची रात्रपाळी असली की मी कधी कधी डबा घेऊन जायची. थंडीत बैलगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, तोंडातून निघणाऱ्या वाफा आणि सगळ्यावर पसरलेला उकळत्या रसाचा तो जड, गोड, थोडासा आंबूस वास. भरलेली गाडी काट्यावर यायची, बाबा आकडा लिहायचे. ऊस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर यायची, त्याच्याखाली दुसरा आकडा. मग एक रेघ आणि रेघेखाली निव्वळ ऊस. दिवसभरात शेकडो वेळा तीच वजाबाकी. शेतकरी ती पावती दिव्याखाली धरून दोनदा वाचायचा, घडी घालून टोपीत ठेवायचा. आमच्या घरी "आज उतारा किती?" हा रोजचा प्रश्न असायचा. शंभर किलो उसातून साखर किती निघाली, तो उतारा. आपल्या भागात तो 12 टक्क्यांच्या आसपास जातो आणि त्याचा कोल्हापूरला अभिमान आहे. लहानपणी मला त्या 12 ची काळजी वाटायची. मग बाकीच्या अठ्ठ्याऐंशीचं काय? बाबा बोटांवर मोजून सांगायचे: वाढं, उसाचा शेंडा, ते तर काट्यावर येण्याआधी शेतातच जनावरांना गेलं, बगॅस म्हणजे चिपाड बॉयलरला गेलं, त्यावरच कारखाना चालतो, मळी डिस्टिलरीला, गाळ परत शेतात, आणि उरलेलं सगळं पाणी, ते वाफ होऊन वर. "काय वाया जात नाही बाळ." ते हे असं सांगायचे की जणू ती सोय त्यांनी स्वतः लावली होती.

त्यांचं पेन काळं होतं. इबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं, जाडजूड. इबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. हातात धरून ठेवलं की ऊबदार होतं आणि जोरात चोळलं की आगपेटीसारखा वास येतो. काट्याच्या केबिनला पश्चिमेची खिडकी होती. दोन गाड्यांच्या मध्ये ते पेन त्या खिडकीत ठेवलं जायचं, नेहमी एकाच कुशीवर. उजेडाने इबोनाइटचा काळेपणा उतरतो. वीस-पंचवीस हंगामांत त्या पेनाची एक बाजू शेवाळी तपकिरी झाली होती आणि दुसरी कुळकुळीत काळी राहिली होती. दर दसऱ्याला बाबा त्याला खोबरेल लावायचे. दोन-चार दिवस दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या, मग पुन्हा भेद उघडा पडायचा. शाई तळाला गेली की दुपारच्या उन्हात ते ओकायचंही. हाताच्या उबेने आतली हवा फुगायची आणि निबेतून शाईचा थेंब ढकलायची. तो थेंब पावतीवर पडू नये म्हणून बाबा दर दोन-तीन ओळींनी पेन उभं धरून टेकवायचे. ती लकब त्यांच्या हाताला इतकी बसली होती की पुढे बॉलपेनने सही करतानाही ते तसंच करायचे.

ते गेले त्यानंतर दोन वर्षांनी मी ते पेन कपाटातून काढलं. टोपणाचे आटे गुळगुळीत झाले होते, बॅरलला वरपासून खालपर्यंत चीर होती. माझ्या मनात एकच होतं, असंच दुसरं करून घ्यायचं. आंध्रात राजमहेंद्रीला आणि तेलंगणात हैदराबादला हाताने पेन करणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, तिकडे पाठवता आलं असतं. पण मला ते कोल्हापुरात व्हायला हवं होतं. ज्या गावात ऑइल इंजिनं झाली, जिथे दर दुसऱ्या घरात कुणी ना कुणी टर्नर नाहीतर मोल्डर आहे, त्या गावात एक पेन का होऊ नये? विचारत विचारत मामांपर्यंत पोचले. त्यांनी पेन उजेडाकडे धरलं, व्हर्नियर लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "करू की. माल कशाचा आणतासा?"

मी ॲक्रिलिक म्हणाले. कारण सरळ होतं, ॲक्रिलिक उन्हाने रंग सोडत नाही. खिडकीत ठेवलं तरी त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच राहतील.

माल शोधणं हेच पहिले सहा महिने माझं काम झालं. पेनासाठी साधारण 20 मिलिमीटर जाडीची भरीव दांडी लागते. ज्यांना हा नाद आहे ते तिला ब्लँक म्हणतात. मामांनी पहिल्याच दिवशी तिला "कांडं" म्हटलं आणि मग मीही तेच म्हणू लागले. उसाच्या दोन पेरांमधलं असतं तसंच ते दिसतं. राजारामपुरीत नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणारं एक दुकान आहे. तिथे मागच्या बाजूला कापून उरलेल्या तुकड्यांचं पिंप असतं. त्या पिंपात मी अक्षरशः कोपरापर्यंत हात घालून बसले आहे. कुणाच्या तरी बंगल्याच्या नावातल्या 'श्री'च्या पोटातला गोल तुकडा, कुठल्याशा स्पर्धेच्या ढालीचा कोपरा, सगळं संरक्षक कागद चिकटलेलं. त्यात जाड तुकडा क्वचित मिळायचा. जाड मालाच्या ट्रॉफीची ऑर्डर आली की दुकानदार फोन करायचे, "ताई, पंचवीसच्या पट्ट्या उरल्यात, या." दोन पातळ तुकडे क्लोरोफॉर्मने जोडून जाड करता येतात हे त्यांनीच दाखवलं. इंजेक्शनच्या सुईने फटीत थेंब सोडला की तो आपोआप आत पळतो आणि दोन तुकड्यांचा एक होतो. जोड दिसत नाही. पण लेथवर, आतून भोक पाडताना, तो जोड सुटला तर सगळी मेहनत एका क्षणात जाते. एकदा गेली.

त्यांच्याकडूनच मी कास्ट आणि एक्स्ट्रुडेड यातला फरक शिकले. एक प्रकार दोन काचांच्या मध्ये पातळ रस ओतून हळूहळू जमवतात, खरवस जमवावा तसा. दुसरा सोऱ्यातून शेव काढावी तसा तोंडातून दाबून काढतात. दुसरा स्वस्त असतो, जाडीला अगदी एकसारखा असतो, पण त्याच्या अंगात दाबाचा ताण राहिलेला असतो आणि टूल लागलं की तो मऊ पडून च्युइंगगमसारखा टूलला चिकटतो. ओतलेला माल जाडीला थोडा कमीजास्त असतो, पण कापताना स्वच्छ कापला जातो. माझं तिसरं पेन दाबून काढलेल्या दांडीचं होतं. दिसायला इतकं सुंदर, फिकट मधाच्या रंगाचं. पॉलिश झाल्यावर बोटांचे डाग जावेत म्हणून मी ते स्पिरिटने पुसलं आणि रात्री टेबलावर ठेवलं. सकाळी त्याच्या अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. अंगातला ताण आणि वरून स्पिरिट, हे ॲक्रिलिकला सहन होत नाही. ते पेन हातात घेऊन मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. चिरांमधून येणारा उजेडसुद्धा सुंदर होता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नक्षीची कांडी मात्र बाहेरून मागवावी लागली. दोन-तीन रंग एकमेकांत घोळवून ओतलेली, मोत्यासारखी चमक असलेली. एका कांड्याला कुरियर आणि ड्युटी धरून साडेआठशे रुपये पडले, तेव्हा घरी मी आकडा सांगितला नाही. त्या कांड्यांची गंमत अशी की वरून काही कळत नाही. वर नुसता मातकट, ओरखडलेला थर असतो. लेथवर पहिले दोन मिलिमीटर गेले की आतला रंग उघडतो आणि प्रत्येक कटला नक्षी बदलत जाते. कुठे थांबायचं हे ठरवावं लागतं. अजून अर्धा मिलिमीटर घेतला तर ती पांढरी लाट आणखी छान दिसेल, की नाहीशीच होईल? मामांनी एकदा लेथ बंद करून मला विचारलं, "आता सांगा, ह्यातलं ठिवायचं का म्होरं जायाचं?" पंपाच्या शाफ्टला कुणी असं विचारत नाही. तिथे ड्रॉइंगवर आकडा असतो. मला वाटतं, मामांना या कामाची गोडी तिथून लागली.

लेथवरचा पहिला दिवस मी विसरणार नाही, आणि त्याचं कारण वास आहे.

मामांनी कांडं चकात बांधलं, फेसिंग केलं, म्हणजे त्याचं तोंड सपाट केलं, आणि टूल पुढे घेतलं. बिडाचा वास कोरडा, धुळीचा असतो. स्टीलला कूलंटचा वास. या कांड्याला टूल लागताच एक गोडसर, नाकात किंचित झोंबणारा वास शेडभर पसरला आणि मी एकदम दुसरीकडेच गेले. दातांचा दवाखाना. बाबांची कवळी टोचत होती म्हणून आम्ही गेलो होतो. आतल्या खोलीत टेक्निशियन ती गुलाबी कवळी छोट्या फिरत्या दगडावर घासत होता. बाबा तोंडावर रुमाल धरून बाकावर बसले होते, दातांशिवायचा चेहरा मला दिसू नये म्हणून. तोच वास. कवळीची गुलाबी हिरडी ॲक्रिलिकचीच असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, कवळी आम्ही त्यांच्यासोबतच दिली होती, आणि उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये, पट्ट्याच्या आवाजात, ती मला भेटली. मामांनी लेथ बंद केला. "ताई, धूर डोळ्यात गेला का?" मी हो म्हणाले.

नंतर आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेलं कार्ड पाहिलं, त्यावरही तेच होतं. पीएमएमए, ॲक्रिलिकचंच रासायनिक नाव. तिच्या डोळ्यातलं भिंग याच मालाचं. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे ॲक्रिलिकचे कण गेले होते आणि डोळ्याने ते निमूट सहन केले. हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि 1949 साली लंडनमध्ये त्यांनी या मालाचं पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. मी पाटीच्या दुकानातल्या पिंपात जे शोधत होते, त्याच्यातून आई रोज सकाळी तुळस बघत होती. त्यानंतर प्लॅस्टिक म्हणून त्याला कमी लेखणं मला जमलं नाही.

मामांनी पहिलं कांडं स्टीलसारखं कापायला घेतलं आणि ते बिघडलं. ड्रिल आत गेलं, किस अडकला, गरम झाला आणि ड्रिलसकट गोठून बसला. 100 अंशांच्या जरा वर गेलं की हा माल मऊ पडतो, तेवढी उष्णता ड्रिलच्या टोकाशी सहज होते. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत नुसते त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांनी ड्रिलच्या धारेचा पुढचा कोन दगडावर मारून सपाट केला, "पितळंला करतुया तसं". धार जास्त बोलकी असली की ती मालात खेचली जाते, असं त्यांचं म्हणणं. कार्बाइडचं टूल बाजूला ठेवून एचएसएसचं, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं टूल घेतलं, त्याला वस्तऱ्यासारखी धार लावली, वर तेलाच्या दगडावर फिरवली. फिरकी कमी केली. साबणाच्या पाण्याचे थेंब आणि पाच-पाच मिलिमीटर आत जाऊन ड्रिल बाहेर काढायचं, किस झाडायचा, पुन्हा आत. या वेळी किस तुटला नाही. टूलच्या टोकावरून अखंड, पारदर्शक, निळी रेशमाची लड सुटत राहिली आणि वाऱ्याने उडून मामांच्या हाताच्या केसांना जाऊन चिकटली. घर्षणाने त्यात वीज भरते म्हणून तो झटकून पडत नाही. बिडाच्या काळ्या कामात चाळीस वर्षं गेलेला तो हात कोपरापर्यंत निळ्या धाग्यांनी झाकलेला आणि मामा लहान मुलासारखे त्याच्याकडे बघत होते.

टोपणाचा आटा हा त्यांचा खरा अभिमान. चांगल्या पेनाचं टोपण एका फेऱ्यात बसतं. त्यासाठी तीन तोंडांचा आटा लागतो. एकाच अंगावर तीन वेगवेगळे आटे, एकमेकांच्या मधून चाललेले. 13 मिलिमीटर व्यास, 0.8 चा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. तीन तोंडं असल्याने एका फेऱ्यात टोपण 2.4 मिलिमीटर पुढे जातं. परदेशात असे आटे पाडायचे तयार टॅप आणि डाय मिळतात आणि ते महाग असतात. मामा म्हणाले, कशाला? त्यांनी लेथ 2.4 च्या चालीला लावला, पहिला आटा काढला, टूल धरणारी कंपाउंड स्लाइड 0.8 ने सरकवून दुसरा, पुन्हा 0.8 ने सरकवून तिसरा. आतल्या बाजूचा आटा काढायला एका मोडक्या ड्रिलपासून स्वतः टूल घासून घेतलं. प्रत्येक कटनंतर ते थांबत. ॲक्रिलिक तापल्यावर स्टीलच्या सहापट फुगतं, गरम असताना मापाला बरोबर आलेला जॉब गार झाल्यावर ढिला निघतो. "थंड हू दे ताई. गरम जॉब खोटं सांगतंय." मग आम्ही थांबायचो. शेजारच्या शेडमध्ये रेडिओ चालू असायचा. त्या थांबण्यात मामांनी मला त्यांच्या वस्तादाबद्दल सांगितलं. माप चुकलं की तो वस्ताद काही न बोलता जॉब तराजूत टाकायचा आणि भंगाराच्या भावाने त्याची किंमत मोठ्याने सांगायचा.

पॉलिश मी घरी करते. पाण्याचा पेपर, 400 पासून सुरुवात, मग 600, 800, 1000, 2000. पुढचा नंबर मागच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. सुरुवातीला पेन राखाडी, आंधळं दिसतं. मध्ये मध्ये पाण्यात बुडवलं की क्षणभर रंग उमलतो, बाहेर काढून वाळलं की पुन्हा आंधळं. पारदर्शक पेनाला तर आतूनही पॉलिश करावं लागतं, कारण ड्रिलची प्रत्येक रेघ बाहेरून दिसते. काडीला कापूस गुंडाळून, पॉलिश लावून, भोकात फिरवत बसायचं. मनगट भरून येतं. सगळं झाल्यावर जोवो या जर्मन कंपनीचं 6 नंबरचं निब युनिट, 7.4 मिलिमीटर व्यासावर अर्ध्या मिलिमीटर पिचचा आटा, त्यात फिरवून बसवते. पहिली रेघ मी नेहमी बाबांच्या जुन्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर ओढते.

खंडेनवमीनंतर मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. नवं कांडं मामांकडे नेण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 200 मिलिमीटर लांब, 20 जाड, 74 ग्रॅम. पंधरा दिवसांनी तयार पेन, निब आणि क्लिप काढून, त्याच काट्यावर ठेवलं. 17 ग्रॅम. मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. उतारा 23 टक्के. उसापेक्षा बरा, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की उसाचं उरलेलं सगळं कुठे ना कुठे जातं, आणि माझे 57 ग्रॅम दर वेळी मामांच्या भिंतीशी साठतात. चौकोनी पट्टीपासून केलं तर कोपरे जाऊन आणखी. मी पेन करते असं लोकांना सांगते. वजनाने बघितलं तर मी मुख्यतः किस करते.

गुजरीत सकाळी लवकर गेलं तर झारेकरी दिसतात. सोनारांच्या दुकानांसमोरची धूळ, गटारातली माती ते गोळा करतात आणि पाण्यात धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढतात. लहानपणी आईबरोबर अंबाबाईला जाताना मी त्यांना बघायची आणि मला वाटायचं ते रस्ता झाडत आहेत. त्या शनिवारी मी मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले. एक बाई पाटीत माती हेलकावत होती. पाणी गढूळ, मग कमी गढूळ, मग तळाशी काळसर रेतीची एक ओळ. तिने ती ओळ बोटाने गोळा केली. सोनाराच्या कानशीतून सुटलेल्या कणालाही या गावात मालक आहे. पितळेच्या पुडीवर पार्टीचं नाव असतं. बोरिंगला भट्टी आहे. मी उभी होते तिथे माझ्या पर्समध्ये माझं सगळ्यात लाडकं पेन होतं आणि मला ते बाहेर काढावंसं वाटलं नाही.

पाटीवाल्या दुकानदारांना विचारलं. ते म्हणाले, तुकडे जातात की. व्यापारी येऊन नेतो, पारदर्शक वेगळे, रंगीत वेगळे. ॲक्रिलिक 300 अंशांच्या वर तापवलं की त्याची साखळी सुटते आणि ज्या पातळ रसापासून ते झालं तो रसच वाफ होऊन परत मिळतो. तो गार करून पुन्हा ओतता येतो. बहुतेक प्लॅस्टिकना हे येत नाही, याला येतं. हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. लगेच मामांकडून पिशवी आणली, दाखवली. त्यांनी हात घालून किस वर काढला, बोटांनी चोळला आणि मान हलवली. त्यात लोखंडाची कच होती, सगळे रंग एकत्र होते, साबणाचा चिकटपणा होता. "हा कुणी घेणार नाही ताई. स्वच्छ आणि एका रंगाचा असता तर मी माझ्या मालात घालून दिला असता." वजन केलं. गळ्यापर्यंत भरलेली पिशवी, पण जेमतेम पाऊण किलो. मी ती परत घेऊन आले. गॅलरीत ठेवली. टाकता येत नाही.

दिवाळीनंतर नवं कांडं घेऊन मामांकडे गेले. पारदर्शक, फक्त पारदर्शक. दुकानदारांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगायचं होतं. पण आठवड्यापूर्वी फोनवर बोलले होते त्यातलं त्यांनी निम्मं आधीच करून ठेवलं होतं. लेथ झाडून कोरडा केलेला. ट्रेमध्ये 'पुढारी'ची पानं कडेपर्यंत अंथरलेली, कोपरे चिकटपट्टीने बसवलेले. भिंतीवर तीन खिळे आणि त्यांना तीन रिकाम्या पिशव्या. "आदी तुमचं काम, मग बिडाचं. उलटं केलं की कच येती," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. त्यांनी कांडं चकात बांधलं.

दुपारपर्यंत ट्रेमध्ये पांढरा, स्वच्छ ढीग जमला होता, सायीसारखा. मामांनी वर्तमानपत्राचे चारही कोपरे उचलून तो अलगद पहिल्या पिशवीत ओतला. वेल्डिंगच्या कांड्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापला, त्याला भोक पाडून तार ओवली. मग खिशातला खडू काढला, पुठ्ठ्याकडे पाहिलं, खडू परत ठेवला. "तुमचं पेन द्या जरा."

मी दिलं. त्यांनी कॉटन वेस्टच्या बोळ्याने हात पुसले, एकदा नाही, तीनदा. टोपण एका फेऱ्यात निघालं तेव्हा मान हलवली. निब उलटी धरली होती, मी काही म्हणण्याआधी स्वतःच सुलटी केली. आपण जॉबवर टूल टेकवतो तशी ती पुठ्ठ्यावर टेकवली आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: आक्रेलिक. पांढरा. पार्टीचा.

"कांडं किती भरलंतं म्हनलासा?"

"चौऱ्याहत्तर."

त्यांनी 74 लिहिलं.

"आनि पेन?"

"सतरा."

74 च्या खाली 17 लिहिलं. पेन उभं धरून जरा थांबले. मग खाली एक रेघ ओढली, आणि रेघेच्या खाली 57.